कचोरीवाल्याचे चौदा रुपये

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की व्यापारी कुटुंबांत प्रवासाची बोलणी सुरू होतात. कोणी शिखरजीला निघतो, कोणी पालिताण्याला, कोणाच्या घरी मुले केरळ किंवा युरोपचा हट्ट धरतात. खाकऱ्यांचे डबे भरले जातात, दुकानाच्या किल्ल्या धाकट्या भावाच्या हाती दिल्या जातात आणि आठ-दहा दिवसांनी मंडळी परततात तेव्हा छायाचित्रे दाखवून होतात, एकूण खर्चाचा आकडाही सांगून होतो. प्रवासात कोणाकडून काय घेतले, कोणाचे देणे राहिले आणि घरातून निघालेला माणूस परतताना कितीसा तोच राहिला, हा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. पावणेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका जैन जवाहिऱ्याने तो मांडून ठेवला आहे, आणि तोही पै-पैचा.

स्वाध्यायात 'नाटक समयसार' वाचणाऱ्या श्रावकांना पंडित बनारसीदासांचे नाव नवे नाही. अध्यात्मरसिक कवी म्हणून त्यांची ओळख सर्वत्र आहे. पण हेच बनारसीदास तरुणपणी तूप, तेल, कापड आणि माणके बैलगाड्यांवर लादून जौनपूर ते आग्रा, आग्रा ते पाटणा अशा वाटा तुडवणारे, वारंवार बुडणारे आणि पुन्हा उभे राहणारे व्यापारी होते, हे तितकेसे कोणाच्या ध्यानात नसते. १६४१ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांनी आपले आयुष्य ६७५ पद्यांत लिहून काढले. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरून त्यांनी या निम्म्या कहाणीला 'अर्धकथानक' असे नाव दिले. उरलेला अर्धा भाग लिहिण्याइतका काळ त्यांना मिळाला नाही.

या पुस्तकात प्रवास पानोपानी आहे, पण प्रवासवर्णन जवळजवळ नाही. जौनपूर नगरीचे थोडे वर्णन सोडले तर नदी, डोंगर, किल्ले, महाल यांच्यासाठी कवी फारसा थांबत नाही. वाटेत भेटलेली माणसे आणि वाटेत झालेली देवघेव एवढेच त्याला महत्त्वाचे वाटले. व्यापाऱ्याची नजर म्हणून हे सोडून देता येईल. पण त्या देवघेवीत पैशाच्या पलीकडचे बरेच काही नोंदले गेले आहे.

बनारसीदासांचे घराणे श्रीमाळ. आजोबा मूलदास माळव्यात नरवर येथे एका मोगल सरदाराचे मोदी होते. त्यांच्या मृत्यूनंतर सरदाराने घरदार जप्त केले आणि विधवा आजी लहानग्या खरगसेनाला घेऊन जौनपूरला माहेरी आली. जवाहिऱ्याचा धंदा या घराला आजीच्या माहेरकडून मिळाला. म्हणजे या कुटुंबाची पेढीच मुळी एका पलायनातून उभी राहिलेली. १५८६ साली खरगसेनांना मुलगा झाला. भगवान पार्श्वनाथांच्या जन्मनगरीवरून त्याचे नाव बनारसीदास ठेवले गेले.

मुलगा १२ वर्षांचा असताना दुसरे पलायन आले. जौनपूरचा सुभा नवाब किलीचकडे होता. त्याला हवी असलेली मौल्यवान वस्तू जवाहिरे देऊ शकले नाहीत, म्हणून त्याने शहरातील सगळ्या जवाहिऱ्यांना पकडून कोंडले, चाबकांनी फोडून काढले आणि अर्धमेले करून सोडले. घरी येताच ज्याला जी दिशा सुचली त्या दिशेने तो बायकामुलांसह निघाला. खरगसेनांनी गंगा ओलांडली आणि कडा-माणिकपूरजवळच्या शहाजादपूर गावाची वाट धरली. काळोखी रात्र, वर मुसळधार पाऊस, सोबत स्त्रिया आणि मुले. सराईत पोहोचल्यावर कालपर्यंत माणकांची पारख करणारा तो पुरुष आपले दुर्दैव आठवून लहान मुलासारखा रडू लागला.

त्या गावात करमचंद नावाचा माहूर वाणी राहत होता. त्याची खरगसेनांशी सोयरीक नव्हती की एका ताटात जेवण्याचे नाते नव्हते. वार्ता कानी पडताच तो सराईत आला, पाहुण्यांना हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेला आणि ते सबंध घर त्यांच्या स्वाधीन करून आपण दुसरीकडे राहायला गेला. घरात धान्य होते, भांडीकुंडी होती, खाटा आणि अंथरुणे होती. खरगसेन संकोचाने नको म्हणू लागले तेव्हा करमचंदाने हात जोडले. हे कुटुंब तिथे १० महिने राहिले.

१२ वर्षांच्या मुलाने ते सारे पाहिले आणि ५५ व्या वर्षी, पावसाच्या आवाजासह, जसेच्या तसे उतरवले. मधल्या काळात त्याने हजारोंचे व्यवहार केले असतील. त्यातले अनेक पुस्तकात नाहीत. करमचंदाच्या घरातील भांडी मात्र आहेत.

शहाजादपुरात वडील धंद्यासाठी अलाहाबादला गेले आणि मुलाने आपला पहिला व्यापार केला. कवड्या विकत घेऊन त्या विकायच्या. एक-दोन टके सुटले की ते आजीच्या हाती द्यायचे. आजीने त्या पहिल्या कमाईची मिठाई आणून वाटली. आजही दुकानात बसू लागलेल्या नातवाच्या पहिल्या कमाईचे पेढे वाटणाऱ्या आजीला हे सांगावे लागणार नाही.

पुढे १६०४ साली जवाहिरे हीरानंद मुकीम यांनी प्रयागहून शिखरजीचा मोठा संघ काढला. गावोगाव पत्रे गेली. खरगसेनांना पत्र पोहोचताच ते घोड्यावर स्वार होऊन संघात सामील झाले. त्या काळच्या संघयात्रेत पुण्य होते आणि जोखीमही होती. परतीच्या वाटेवर अनेक यात्रेकरू आजारी पडले, काही दगावले. खरगसेनही आजारी होऊनच घरी परतले. इकडे वडील घरी नसताना तरुण बनारसींनी पार्श्वनाथांच्या यात्रेचा ध्यास घेतला. यात्रा घडेपर्यंत दूध, तूप, तांदूळ असे पदार्थ वर्ज्य करण्याचे व्रत घेतले आणि कार्तिकी पौर्णिमेला गंगास्नानासाठी निघालेल्या लोकांबरोबर ते वाराणसीला गेले. घराबाहेर पडण्याची ओढ या मुलाला होती, यात शंका नाही. ती धर्माची किती आणि वयाची किती, हे त्याचे त्यालाच ठाऊक. याच सुमारास तो इश्कबाजीतही पुरता बुडालेला होता आणि शृंगाराच्या हजारेक पद्यांची पोथी त्याने रचली होती. पुढे एके दिवशी मित्रांसह गोमतीच्या पुलावर बसला असता ती पोथी त्याने स्वतःच नदीत सोडून दिली.

पण घरापासून दूर जाणे आणि प्रवासाने घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला सुरुवात झाली ती १६१० च्या सुमारास, वयाच्या चोविशीत.

खरगसेनांनी मुलाला बोलावले, घराचा भार आता तू उचल असे सांगितले आणि त्याला आग्ऱ्याला पाठवायचे ठरवले. माणके, नीलम, पाचू, मणी आणि अंगठ्या, २० मण तूप, तेलाचे दोन बुधले, सुमारे २०० रुपयांचे जौनपुरी कापड. काही माल घरचा, काही उधारीचा. मालाची यादी कागदावर लिहून मुलाच्या हाती दिली. गाड्यांचा तांडा दिवसाला पाच कोस चाले.

इटाव्याजवळ वादळाने गाठले. पाऊस असा कोसळू लागला की गाड्या उघड्यावर सोडून सगळे आसऱ्यासाठी धावले. सराईत एका उमरावाची माणसे उतरली होती, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. बनारसीदास आणि त्यांचे सोबती बाजारातून, गल्ल्यांतून चिखल तुडवत दारोदार फिरले. कोणी आत या म्हणाले नाही. एका स्त्रीला दया आली. तिने त्यांना बोलावले, पण तिचा नवरा बांबू घेऊन धावून आला. शेवटी गावाबाहेर पहारेकऱ्यांची झोपडी दिसली. पहारेकऱ्यांनी विचारपूस केली, आत घेतले, गवत पेटवून दिले. कपडे थोडेसे सुकतात न सुकतात तोच एक दांडगा माणूस आला आणि चाबकाच्या धाकाने त्याने सगळ्यांना पुन्हा पावसात काढले. ते निघालेले पाहून त्याचेच मन थोडे द्रवले असावे. त्याने एक तरट दिले. स्वतः खाटेवर झोपला आणि या तिघांना खाटेखाली झोपण्याची परवानगी दिली.

जौनपूरच्या जवाहिऱ्याचा एकुलता एक मुलगा, रत्ने सोबत असलेला, एका अनोळखी दांडगटाच्या खाटेखाली तरटावर रात्र काढतो. खिशात माणके असली तरी इटाव्यात त्यांची किंमत तरटाएवढीही नव्हती, कारण तिथे ना त्याला कोणी ओळखत होते, ना त्याच्या बापाला. पेढीचे नाव पेढीच्या गावात चालते. वेशीबाहेर पडल्यावर माणूस केवळ भिजलेला माणूस असतो. व्यापारी घरातल्या मुलाला हे दुकानात बसून कळणे कठीण. आजच्या मुलांना तर त्याहून कठीण आहे, कारण त्यांची खोली आधीच राखून ठेवलेली असते.

आग्रा गाठल्यावर कपडा, तूप, तेल विकले गेले आणि त्याचे पैसे हुंडीने घरी पाठवले गेले. रत्नांची मात्र जी वाताहत झाली ती बनारसीदासांनी रोजकीर्दीच्या थाटात सांगितली आहे. काही रत्ने इजारीच्या नाड्यात दडवली होती, नाडा तुटला आणि ती कुठे पडली ते कळले नाही. काही माणके कापडात बांधून ठेवली होती, ती उंदरांनी नेली. गाठीला बांधलेली अंगठी रस्त्यातच गळली. रत्नजडित पोहोच्या एका गिऱ्हाइकाला विकल्या, तर त्याचे दुसऱ्याच दिवशी दिवाळे वाजले. या आघाताने ते आजारी पडले. वडिलांची पत्रे येत, त्यांना उत्तर जाईना. बुडालेल्या माणसाचे पहिले लक्षण हे असते की तो घरच्या पत्रांना उत्तर देत नाही, आणि हे बनारसीदासांनी लपवलेले नाही.

घरातले एकेक सामान विकून खाणे सुरू झाले. शेवटी विकण्यासारखेही काही उरले नाही. बाजारात जाण्याचे तोंड नव्हते. दिवसभर ते घरात बसत आणि रात्री 'मधुमालती' आणि 'मृगावती' या दोन प्रेमकथांच्या पोथ्या मोठ्याने वाचत. ऐकायला दहा-वीस माणसे जमत. त्यांत एक कचोरीवालाही असे.

बनारसीदास त्याच्याकडून रोज शेरभर कचोरी उधारीवर घेऊ लागले. काही दिवसांनी त्यांचे मन त्यांना खाऊ लागले. एके दिवशी कचोरीवाल्याला एकांतात गाठून त्यांनी सांगितले की, आता उधार देऊ नकोस, माझ्याजवळ काही नाही, पैसे परत मिळतील याची खात्री मी देऊ शकत नाही. तो म्हणाला की, २० रुपयांपर्यंत खुशाल खा, कोणी काही बोलणार नाही, वाटेल तिथे जा.

या प्रसंगात दोन माणसे एकाच वेळी मोठी झाली आहेत. कचोरीवाल्याचे औदार्य उघड आहे. त्यातही त्याने आकडा घालून दिला, २० रुपयांची मर्यादा. हे आंधळे दान नव्हते. छोट्या धंदेवाल्याने आपल्याला पेलेल एवढी जोखीम विचारपूर्वक उचलली होती. तारण म्हणून त्याच्यापुढे काय होते? रात्री ऐकलेल्या कथा आणि एका कफल्लक तरुणाने आपणहून दिलेली कबुली. दुसरीकडे, बनारसीदासांनी ती कबुली त्याला विचारण्यापूर्वी दिली. आदल्या काही महिन्यांत वडिलांना जे लिहिता आले नव्हते, ते परगावच्या कचोरीवाल्यासमोर बोलता आले. परक्या गावात काही वेळा खरे बोलणे सोपे जाते. तिथे जपायला इभ्रत नसते.

पुढे सासरच्या नात्यातले ताराचंद त्यांना आपल्या घरी घेऊन गेले, मग धरमदास नावाच्या जवाहिऱ्याशी भागीदारी झाली, धंदा हळूहळू सुरू झाला. हाती पैसा येताच कचोरीचा हिशेब झाला. सहा-सात महिन्यांच्या कचोऱ्यांचे १४ रुपये झाले होते. ते चुकते केले. भागीदारीचा ताळेबंद दोन वर्षांनी काढला तेव्हा २०० रुपये मिळाले होते आणि २०० रुपये खर्चही झाले होते. शून्य शिल्लक. अनेकांनी असे वर्ष 'ठीक गेले' म्हणून सांगितले असते. बनारसीदासांनी दोन्ही आकडे लिहून ठेवले.

रिकाम्या हाताने घरी जाववेना. रस्त्यात एक गाठोडी सापडली, तीत आठ मोती निघाले. तेवढ्याच आधारावर ते खैराबादला सासरी पोहोचले. रात्री पत्नीशी बोलताना आग्ऱ्याची खरी स्थिती बाहेर आली. तिने बाजूला ठेवलेले २० रुपये काढून नवऱ्याच्या हातावर ठेवले आणि धीर दिला. दुसऱ्या दिवशी तिने आईला विश्वासात घेतले, नवऱ्याची लाज राखायला सांगून. सासूने गुपचूप २०० रुपये दिले. त्यातून नवा माल घेऊन ते पुन्हा आग्ऱ्याला निघाले. व्यापारी घराण्यांच्या इतिहासात हे पान बहुधा कोरे असते. किती पेढ्या पडता पडता घरातल्या स्त्रियांच्या बाजूला ठेवलेल्या पैशांवर सावरल्या, याची नोंद चोपडीत होत नाही. बनारसीदासांनी ती केली, हीच मोठी गोष्ट.

आग्ऱ्यात त्यांना नरोत्तमदास हा जिवलग मित्र आणि भागीदार मिळाला. नरोत्तमदास आणि त्याचे सासरे यांच्याबरोबर पाटण्याकडे जाताना एकदा रात्री रानात वाट चुकली. हमाल ओझे टाकून पळाला. तिघांनी ते ओझे वाटून घेतले आणि चालत राहिले, तो थेट चोरांच्या गावात पोहोचले. चोरांच्या चौधरीने दरडावून विचारताच बनारसीदासांनी संस्कृत श्लोक म्हणून त्याला आशीर्वाद दिला. चौधरी त्यांना ब्राह्मण समजून नमला, आपल्या चावडीवर त्यांना उतरवले. रात्री तिघांनी सुताची जानवी वळून गळ्यात घातली, कपाळाला मातीचे टिळे लावले आणि जीव मुठीत धरून पहाटेची वाट पाहिली. सकाळी चौधरीने स्वतः येऊन त्यांना फतेहपूरच्या वाटेला लावून दिले.

सत्याचे अणुव्रत मानणाऱ्या कुळातल्या माणसाने हे सांगताना काही सफाई दिली असती तर ती समजण्यासारखी होती. त्यांनी ती दिली नाही, आणि चातुर्याची फुशारकीही मारली नाही. भीती वाटली, वेष घेतला, वाचलो. चोराने पाहुण्याला वाट दाखवली, हे मात्र ते आवर्जून सांगतात. कारण थोड्याच काळाने त्यांना याच्या नेमकी उलट गोष्ट पाहावी लागली.

आग्ऱ्याकडे पायी निघालेल्या तांड्यात ते होते. सोबत एक माहेश्वरी व्यापारी आणि मथुरेचे दोन ब्राह्मण, एकूण माणसे १९. घाटमपूरजवळच्या एका गावी सराईत मुक्काम पडला. दोघांपैकी एक ब्राह्मण रुपया मोडायला सराफाकडे गेला. त्याने दिलेल्या नाण्यावरून वाद झाला. सराफ म्हणाला, नाणे खोटे आहे. ब्राह्मणाने त्याच्यावर हात टाकला. तेवढ्यात सराफाचा भाऊ आला, ब्राह्मणाजवळचे उरलेले रुपये पारखण्यासाठी म्हणून त्याने मागून घेतले आणि घरात जाऊन ते सगळे खोट्या नाण्यांनी बदलून आणले. मग फिर्याद गेली कोतवालाकडे की, सराईत खोटी नाणी चालवणारी ठकांची टोळी उतरली आहे. दिवाण आणि कोतवाल रात्री येऊन प्रत्येकाची चौकशी करून गेले. कोणाचेही बोलणे त्यांना पटले नाही. पहाटे सराईसमोर १९ सूळ आणून टाकले गेले.

एका रुपयाच्या मोडीवरून १९ सूळ. त्या सूळांकडे पाहत १९ निरपराध माणसे बसली होती. ती चोर नाहीत हे सिद्ध करणारा एकही कागद कोणाजवळ नव्हता. आपल्या गावात ज्यांच्या शब्दावर हुंड्या चालत, त्यांच्या शब्दाला इथे काडीची किंमत नव्हती. वाचवले ते एका आठवणीने. रात्री जिवाच्या आकांताने विचार करता करता माहेश्वरी व्यापाऱ्याला आठवले की, आपल्या धाकट्या भावाचे लग्न जवळच्याच बरी नावाच्या गावात झाले होते, त्या वरातीला आपणही आलो होतो. सकाळी त्याने ते सांगितले. कोतवाल त्याला घेऊन बरी गावी गेला, सोयऱ्यांनी ओळख दिली, आणि १९ जणांची सुटका झाली. सराफ तोवर पळून गेला होता. जाताना बनारसीदासांनी जवळचे फुलेल तेल हाकिमाला, कोतवालाला आणि दिवाणाला शेर-शेराने वाटले. न्याय मिळाल्यावरही फुलेल वाटावे लागले, ही नोंद करताना लेखकाच्या चेहऱ्यावर हसू असावे असे वाटते.

पाटण्याच्या वाटेवर वेष घेतलेल्या बनारसीदासांना चोराने खरे मानले. घाटमपुराजवळ खऱ्याखुऱ्या बनारसीदासांना सराफाने, म्हणजे त्यांच्याच धंद्यातल्या माणसाने, खोटे ठरवले. धंदा, जात, पागोटे यांवरून माणूस ओळखण्याची जी सवय व्यापाऱ्याला बालपणापासून लागलेली असते, ती या दोन रात्रींत पार उलटीपालटी झाली. त्यांच्या उत्तरायुष्यातल्या अध्यात्माची मुळे ग्रंथांत शोधली जातात, आणि ते योग्यच आहे. समयसाराच्या टीकेचे वाचन, मधली भ्रमाची वर्षे, पंडित रूपचंदांच्या सहवासात अनेकांताची आलेली जाण हा सारा प्रवास मोठा आहे आणि स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण बाहेरून दिसणारे रूप आणि आत असणारी वस्तू या वेगळ्या आहेत, हा विचार पोथीत भेटण्यापूर्वी या माणसाला वाटेवर दोनदा भेटून गेला होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

आग्ऱ्यात परतल्यावर साहू सबलसिंहांकडे जुन्या भागीदारीचा हिशेब मिटवायचा होता. तिथे बनारसीदासांना महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागले. हवेलीत गाणे-बजावणे अखंड चाले. साहूंना दिवस उगवला की मावळला याचाच पत्ता नसे, मग हिशेबाला वेळ कुठून मिळणार? रानातून, चोरांतून, सुळावरून सुटलेला माणूस एका बैठकीच्या दाराशी अडकून पडला. ज्यांनी वसुलीसाठी हेलपाटे घातले आहेत त्यांना यातली गंमत आणि वेदना दोन्ही कळेल.

यानंतरची नोंद वाचवत नाही. तीन विवाह झाले. दोन मुली आणि सात मुलगे अशी नऊ अपत्ये झाली, आणि नऊही गेली. पुस्तक लिहिताना घरात केवळ पती-पत्नी उरली होती.

आणि तरीही ज्या माणसाने ते लिहिले त्याला कडवटपणा शिवलेला दिसत नाही. शेवटी त्यांनी स्वतःचीच जमा आणि नावे मांडली आहेत. जमेच्या बाजूला भाषेतील काव्यरचना, क्षमाशीलता, संतोष, अनेक देशांच्या बोलींची जाण. ही शेवटची जमा तर सरळ वाटेवरच मिळालेली. नावेच्या बाजूला धनाचा लोभ, प्रसंगी खोटे बोलणे, नको तिथे हसणे, अवचित घाबरणे. एकांत मिळाला की आपण उठून नाचू लागतो, हेही त्यांनी लिहिले आहे. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना बहुतेकांचा भर इतरांना कळलेल्या चुकांवर असतो. इथे कोणालाही न कळलेल्या चुका आपणहून चोपडीत घातल्या आहेत. ज्याने कचोरीवाल्याला एकांतात गाठून आपली खरी स्थिती सांगितली होती, तोच हा माणूस, ३० वर्षांनी सगळ्या जगाला सांगत असलेला.

'अर्धकथानक' १९४३ साली नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून संपादित करून प्रसिद्ध केले. त्याची भाषा ब्रजमिश्रित बोली आहे. हिंदी जाणणाऱ्या मराठी वाचकाला थोड्या सवयीने ती कळू लागते. प्रवासाला निघताना पिशवीत टाकण्याजोगे ते लहानसे पुस्तक आहे. त्यात मालाचे भाव आहेत, नफा-तोट्याचे आकडे आहेत, सासूने दिलेले २०० आणि कचोरीवाल्याला दिलेले १४ रुपये आहेत. शहाजादपुरात पावसाच्या रात्री करमचंदाने उघडून दिलेल्या घरातले धान्य, भांडी आणि खाटाही आहेत. त्या घराच्या १० महिन्यांच्या भाड्याचा मात्र कुठेही उल्लेख नाही.